जमिनीतल्या टाकीच्या भिंतीवर भूकंपात मातीचा दाब किती धरायचा?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. चिपळूण तालुक्यातल्या आमच्या वाडीत पावसाच्या पाण्याची जमिनीखालची टाकी बांधायचं ठरलंय. शाळेच्या पत्र्यावरचं पाणी पन्हळीने आणायचं, गाळून टाकीत सोडायचं आणि एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली की वापरायचं. टाकी आरसीसीची, बाहेरून ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर खोल, वर स्लॅब. भिंत आणि तळ २० सेंमी, वरची स्लॅब १५ सेंमी. आत पंचवीस हजार लिटरच्या आसपास पाणी मावेल.

जागा उताराच्या पायथ्याशी आहे. वर हातभर लाल माती, मग जांभा, खाली शेडी (जांभ्याखालची चिकणमाती). पावसाळ्यात शेजारच्या विहिरीचं पाणी काठाला टेकतं.

नकाशात भिंत मातीच्या अ‍ॅक्टिव्ह दाबासाठी काढली आहे. भूकंपाचा उल्लेखच नाही. ठेकेदारांना विचारलं तर म्हणाले, जमिनीतल्या टाकीला भूकंप काय करणार, माती चारी बाजूंनी धरून असते. कोयना डोंगरापलीकडे असताना हे उत्तर मला पटत नाही. गावाने वर्गणी काढून जमवलेले पैसे आहेत, टाकी तीस-चाळीस वर्षं टिकायला हवी. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

आगोट
चांगला विषय. वाचतोय.

मुरूमखडी
ठेकेदारांचं अर्धं बरोबर आहे. खांबांवरची टाकी भूकंपात सगळं वजन डोक्यावर घेऊन झुलते, जमिनीतली टाकी मातीबरोबर हलते, त्यामुळे तिला त्रास कमी. पण जी माती धरते तीच ढकलतेही, आणि भूकंपात एका बाजूने जास्त ढकलते.

आधी नकाशाबद्दल. अ‍ॅक्टिव्ह दाब केव्हा लागू होतो? भिंत मातीपासून जराशी तरी दूर कलली तर. रस्त्याकडेची संरक्षक भिंत तशी कलू शकते. तुमच्या टाकीची भिंत खाली तळाला, वर स्लॅबला आणि दोन्ही अंगांना आडव्या भिंतींना बांधलेली आहे, ती कलणार कुठे? तिथे 'अ‍ॅट रेस्ट' दाब धरायचा. मातीचा घर्षणकोन ३० अंश धरला तर अ‍ॅक्टिव्हचा गुणांक ०.३३ येतो आणि अ‍ॅट रेस्टचा ०.५. म्हणजे भूकंपाचं नाव काढायच्या आधीच दाब दीडपट झाला. माती घनमीटरला १८ किलोन्यूटन धरा: ०.५ × ०.५ × १८ × ३ × ३ = ४०.५ किलोन्यूटन, भिंतीच्या दर मीटर लांबीला. चार टनांहून थोडं जास्त.

आता भूकंप. १९२३ च्या कांटो भूकंपानंतर जपानमध्ये मोनोनोबे आणि ओकाबे यांनी जी पद्धत बसवली, ती आजही सगळे वापरतात. पण तीही कलू शकणाऱ्या भिंतीसाठीच आहे. न कलणाऱ्या भिंतीसाठी वूड यांनी १९७३ मध्ये जे मांडलं त्याचं ढोबळ रूप असं: वाढीव बल = मातीचं घनवजन × उंचीचा वर्ग × भूकंपाचा आडवा गुणांक. आय.एस. १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत हा गुणांक भूकंप-झोन ३ ला ०.१६ आहे आणि झोन ४ ला ०.२४. त्या आवृत्तीत कोयना परिसर चौथ्यात येतो. चिपळूण त्याला खेटून असल्यामुळे मी चौथाच धरेन. डिझाइनला त्याचं अर्धं, ०.१२. मग १८ × ९ × ०.१२ = १९.४ किलोन्यूटन. साधारण दोन टन.

बल निम्मंच वाटतं, पण ते लागतं कुठे ते बघा. मातीचा नेहमीचा दाब त्रिकोणी, त्याचं बल तळापासून १ मीटरवर. भूकंपाचं वाढीव बल उंचीच्या ०.६ वर, म्हणजे १.८ मीटरवर. भिंत वरून मोकळी असती तर तळाशी मातीचा मोमेंट (वाकवणारा जोर, बल गुणिले अंतर) ४०.५ आणि एकट्या भूकंपाचा ३५ आला असता. मिळून जवळजवळ दुप्पट. तुमच्याकडे वर स्लॅब आहे म्हणून इतकं होणार नाही, पण त्या स्लॅबने भिंतीला खरोखर धरलं पाहिजे. भिंतीच्या सळया स्लॅबमध्ये वळवून बांधलेल्या हव्यात. वर नुसत्या टेकवलेल्या फरश्या असतील तर वरचा आधार धरूच नका.

कौलारू
आमची आजी पोफळीजवळची. कोयनेच्या भूकंपाची, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ती अजून सांगते. सव्वाचार-साडेचारचा सुमार, अंधार, गोठ्यातली गुरं आधी हंबरली आणि मग कौलं घसरून अंगणात पडली. पुढचे कित्येक दिवस सगळे अंगणात मांडव घालून झोपले. थंडीत. आणि तेव्हा हा भाग भूकंपाचा मानलाच जात नव्हता. त्यामुळे 'आपल्याकडे काय होणार' हे वाक्य आमच्या घरात चालत नाही.

आगोट
एक प्रश्न. टाकी भरलेली असेल तर आतलं पाणी भिंतीला बाहेर ढकलतं. मग दोन्ही दाब एकमेकांना मारतील ना?

मुरूमखडी
@आगोट, तसं धरायचं नाही. दोन अवस्था वेगवेगळ्या तपासतात: टाकी रिकामी आणि बाहेर माती, टाकी भरलेली आणि बाहेर काहीच नाही. दुसरी अवस्था कागदी नाही, भिंतीभोवतीचा खोदाईचा चर बुजवायच्या आधी गळती बघायला टाकी भरतात तेव्हा ती खरोखर येते. टाक्यांच्या भूकंप-डिझाइनसाठी आयआयटी कानपूरच्या ज्या मार्गदर्शक सूचना आहेत त्यांतही हेच म्हटलंय, की बाहेरच्या मातीच्या भूकंपदाबाच्या भरवशावर आतल्या पाण्याचा परिणाम कमी धरू नये. भूकंपात तळाकडचं पाणी भिंतीला चिकटून हलतं आणि वरचं हिंदकळतं, दोन्हींचा ताल वेगळा. बाहेरची माती नेमकी त्याच क्षणी उलट बाजूने आधार देईल याची खात्री कोण देणार?

पोफळीबन
कोयनेच्या धरणातल्या यंत्रावर ०.६ जी च्या वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) त्वरण नोंदलं गेलं होतं असं वाचलंय. आणि आपण ०.१२ धरायचं? पाचपट फरक आहे. हा नियम कोणाच्या सोयीचा?

मुरूमखडी
@पोफळीबन, रास्त शंका. ती नोंद धरणाच्या अगदी जवळच्या भूकंपाची, एका क्षणाची आणि झपाझप कंपनांची. तो शिखर-आकडा संपूर्ण मातीच्या वस्तुमानाला काही सेकंद सलग लागत नाही. नियमही टाकीला तडा जाणार नाही असं म्हणत नाही, ती कोसळू नये एवढं बघतो. म्हणून सळयांची बांधणी अशी हवी की भिंत वाकली तरी फुटू नये. आणखी एक गोष्ट. जमिनीत खोल गेलं की धक्का कमी होतो हे खरं, आणि नियमात ३० मीटर खोलीला निम्मी सूट आहे. पण ती खोलीच्या प्रमाणात मिळते. ३ मीटरला जेमतेम पाच टक्के. 'जमिनीत आहे म्हणून सूट' हा युक्तिवाद इथे संपतो.

खाजण
मी माती-परीक्षणाचं काम करते, रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांत बरंच. मुरूमखडींच्या गणिताबद्दल थोडं वेगळं मत आहे.

वूडचं सूत्र ताठ कातळाच्या पेटीत अडकलेल्या मातीसाठी आहे. तीन मीटरच्या टाकीला ते जास्तच आकडा देतं. मऊसर मातीत भूकंपाची लाट सेकंदाला अडीचशे मीटरने जाते आणि सेकंदाला पाच हेलकावे देते असं धरलं, तर लाटेची लांबी ५० मीटर होते. ५० मीटरच्या लाटेत ४ मीटरची टाकी आजूबाजूच्या मातीसकट पुढे-मागे जाते. दोघांच्या हालचालीत फरकच थोडा, म्हणून वाढीव दाबही थोडा. अमेरिकेत बर्कलीला सेंट्रिफ्यूजवर (गरगर फिरवून छोट्या नमुन्यावर मोठा भार आणणारं यंत्र) ज्या चाचण्या झाल्या त्यांतही मोजलेला दाब जुन्या सूत्रांपेक्षा कमी निघाला. मोठ्या, लांबलचक, खोल बांधकामांची गोष्ट निराळी. १९९५ च्या कोबे भूकंपात दाइकाई हे भुयारी स्टेशन खचलं, मधले खांब मोडून वरचा रस्ता खाली बसला. तिथे आजूबाजूच्या मातीनेच त्या पेटीला तिरकं केलं होतं.

तुमच्या टाकीबाबत मला भूकंपापेक्षा आधी पाण्याची काळजी वाटते. विहिरीचं पाणी काठाला टेकतं म्हणालात ना, मग टाकीभोवतीही ते जमिनीलगत येणार. तेव्हा भिंतीवर पाण्याचा दाब ०.५ × ९.८१ × ९ = ४४ किलोन्यूटन, अधिक पाण्यात बुडालेल्या मातीचा २० च्या वर. मिळून ६५. कोरड्या मातीचे ४०.५ होते. म्हणजे दर पावसाळ्यात भिंतीवर २४ किलोन्यूटन वाढतात, आणि मुरूमखडींनी भूकंपाचे काढले १९.४. कोकणातल्या टाकीला एवढा जोर दरवर्षी चार महिने लागतो, कुणी भूकंप म्हणत नाही इतकंच! नकाशा करणाऱ्याने पाणी धरलंय का, हे आधी विचारा.

मुरूमखडी
@खाजण, वूड वरच्या मर्यादेचा आहे हे मान्य. तरी एवढ्या लहान टाकीत तो धरल्याने सळयांत जो फरक पडतो तो कमी खर्चाचा आहे, म्हणून मी धरतो. मोठ्या टाकीला तुमच्या पद्धतीने नीट विश्लेषण करायला हवं. पाण्याच्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत. आणि दोन्ही एकत्रही तपासावं, भूकंप महिना बघून येत नाही. तेव्हा भूकंपाच्या पदात माती भिजलेल्या वजनाची घ्यावी, कारण शेडीसारख्या मातीतलं पाणी त्या काही सेकंदांत निसटू शकत नाही, मातीबरोबरच हलतं.

चिरेखाण
मला एक कळत नाही. जांभ्यात खड्डा मारला तर कडा सरळ उभी राहते. चिरेखाणीच्या वीस-वीस फुटी भिंती वर्षानुवर्षं उभ्या आहेत, कुणी आधार देत नाही. मग टाकीवर दाब येणार कुठून?

खाजण
@चिरेखाण, जांभा स्वतः उभा राहतो, बरोबर. दाब येतो तो खोदाई आणि भिंत यांच्या मधल्या चरातल्या भरावातून आणि त्यात साठलेल्या पाण्यातून. शिवाय यांच्या खड्ड्याचा खालचा भाग शेडीत आहे. शेडी कोरडी असताना कुदळीला दाद देत नाही आणि भिजली की बोटाने दाबली जाते. चिरेखाणीत तुम्ही तिच्यापर्यंत जातच नाही, तिथे चिरा संपतो आणि खाण थांबते.

हापूसवाला
आमच्या शेजारच्या गावचा प्रकार सांगतो. टाकी मे-अखेरीस बांधून झाली, पैसे संपले म्हणून चर तसाच उघडा राहिला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात चर भरला, टाकी आतून रिकामी. सकाळी बघतो तर एक कोपरा वीतभर वर आणि टाकी तिरकी. भूकंप नाही, काही नाही. नंतर आत पाणी भरून खाली बसवायचा प्रयत्न झाला, पण खाली चिखल गेला होता. ती टाकी आजही तशीच तिरकी आहे.

सागरगोटा
बापरे! म्हणजे टाकीला पोहता येतं.

मुरूमखडी
येतं, आणि हिशेबाने येतं. वाशिष्ठीकाठ यांची टाकी बाहेरून ३६ घनमीटर. पाणी जमिनीपर्यंत आलं तर ३६ टनांनी वर उचलणार. आतली पोकळी सुमारे २४.८ घनमीटर, म्हणजे काँक्रीट ११.२ घनमीटर, वजन २८ टन. रिकामी असताना ही टाकी तरंगते! आय.एस. ३३७० या पाण्याच्या टाक्यांच्या मानकाप्रमाणे १.२ पट सुरक्षा हवी, म्हणजे ४३ टन. १५ टन कमी पडतात.

उपाय सोपा आहे. तळाची स्लॅब चारी बाजूंनी भिंतीच्या बाहेर दीड फूट काढा. त्या ओठावर बसणारी माती टाकीला खाली धरते. बाहेरचं क्षेत्र साधारण ७ चौरस मीटर वाढतं, त्यावर २.८ मीटर माती, पाण्यातलं वजन घनमीटरला ०.९ टन धरलं तरी १७-१८ टन मिळतात. काम झालं. मात्र चर बुजवेपर्यंत हे वजन मिळत नाही, म्हणून पावसाच्या आधी चर बुजला पाहिजे. नाहीतर टाकीत पाणी भरून ठेवा.

इंधनवाडी
पेट्रोल पंपाच्या टाक्या याच भीतीने काँक्रीटच्या पायाला पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. पुराचा इशारा आला की टाकी शक्य तेवढी भरलेली ठेवायची असं आम्ही बघतो, रिकामी लोखंडी टाकी फारच हलकी. जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर पाहिल्यापासून तर कुणाला समजावावं लागत नाही.

नारळपाणी
गुहागरकडे आमची बाग पुळणीला लागून आहे. खाली नुसती वाळू, चार हातांवर पाणी. आम्हीही टाकीचा विचार करतोय. वाळूत दाब कमी असतो ना?

खाजण
@नारळपाणी, तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि जास्त नाजूक. सैल, पाण्याने भरलेली वाळू जोरात हलली की तिचे कण एकमेकांना धरायचे सोडतात आणि थोडा वेळ सगळं जड द्रवासारखं वागतं. अशा वेळी दाबाचा गुणांक ०.५ राहत नाही, १ होतो. भिंतीवर पूर्ण भिजलेल्या मातीचा द्रवासारखा दाब येतो. त्यात टाकी वर येते, कारण हा द्रव पाण्याच्या जवळपास दुप्पट जड असतो. १९६४ ला जपानमध्ये नीगाता इथे जमिनीतली सांडपाण्याची टाकी अशीच वर आली होती, आणि २००४ च्या चुएत्सु भूकंपात रस्त्यांवर मॅनहोल कमरेएवढे वर आले होते. तेव्हा ओठावरची मातीही धरून ठेवत नाही, कारण तीच पातळ झालेली असते.

घाबरू नका, वाळू घट्ट असेल तर हे होत नाही. पण ती घट्ट आहे की सैल हे डोळ्यांनी कळत नाही. एक बोअर घेऊन एसपीटी (ठोके मारून मातीचा घट्टपणा मोजायची चाचणी) करून घ्या. सैल निघाली तर टाकी जमिनीच्या वर बांधा. बागेत जागा आहे, वर बांधण्यात काही कमीपणा नाही.

गडवाट
थोडं विषयांतर. आपल्या गडांवरची टाकी बघा, सरळ कातळात कोरलेली. बाहेर माती नाही, भराव नाही, तरंगायचा प्रश्न नाही. शेकडो वर्षांनी अजून पाणी धरतात. रायगडावर गेलात तर मुद्दाम वाकून बघा, कडेला छिन्नीच्या खुणा दिसतात.

चिरेखाण
आरसीसीऐवजी चिऱ्यात बांधली तर? आमच्याकडे चिरा स्वस्त आणि गवंडीही तयार.

मुरूमखडी
@चिरेखाण, चौकोनी टाकी चिऱ्यात नको. बाहेरून दाब आला की सपाट भिंत आत वाकते आणि तिच्या आतल्या अंगाला ताण येतो. चिरा आणि चुना-सिमेंट ताण घेत नाहीत. गोल बांधली तर बाहेरच्या दाबाने चिरे एकमेकांवर आवळले जातात, जुन्या विहिरींची बांधणी म्हणूनच टिकली. पण भूकंपाचा दाब एका बाजूने येतो, गोलाचा अंडाकार करू बघतो. तेव्हा गोल टाकीलाही तळाशी, मध्ये आणि वर आरसीसीचे पट्टे लागतील.

वाशिष्ठीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, दादा, तुम्ही एवढं गणित करून दिलंत! आता गावाच्या बैठकीत नकाशा पुन्हा काढायला सांगणार आहे: अ‍ॅट रेस्ट दाब, पाणी जमिनीलगत, भूकंप, तळाला ओठ. अजून काय बघावं? भिंतीत सळया एकाच जाळीत दाखवल्या आहेत, ते चालेल?

मुरूमखडी
नाही चालणार. दोन जाळ्या हव्यात. टाकी रिकामी असताना भिंत मध्यावर आत वाकते, म्हणून आतल्या अंगाला सळया. तीच भिंत तळाशी आणि कोपऱ्यांत उलटी वाकते, तिथे बाहेरच्या अंगाला सळया. टाकी भरून गळती बघताना सगळं उलट होतं. कोपऱ्यात सळई नुसती तोडून टेकवलेली असते ते मी बऱ्याच साइटवर बघितलंय. कोपऱ्यात एल आकाराचे बार दोन्ही जाळ्यांत, पुरेशा लांबीने. भूकंपात टाकी फुटते ती आधी कोपऱ्यात आणि तळाच्या सांध्यात. काँक्रीट एम ३० या ताकदीच्या प्रतीच्या खाली नको. भिंत आणि तळाच्या सांध्याला वॉटर स्टॉप (पाणी अडवणारी पट्टी).

आणि नळ! टाकीतून बाहेर येणारा पाइप भिंतीत ताठ बसवला आणि पुढे मातीत ताठच नेला, तर टाकी बोटभर सरकली तरी पाइप तिथेच तुटतो. भिंतीबाहेर लगेच एक लवचिक जोड द्या.

देवगडकर
गणिताचा इंजिनेरांनी बघूचा, पण चर बुजवताना माती थरथर घालून चेपूक व्हयी, ह्या शंभर टक्के खरा. आमच्या हय जेसीबीन एका दमात सगळी माती ढकलतत आणि वर गाडी फिरवतत.

खाजण
+१. खोदून काढलेली शेडी परत चरात टाकू नका. मुरूम आणा, वीतभर जाडीचे थर, प्रत्येक थर हलका कॉम्पॅक्टर फिरवून. जड रोलर भिंतीजवळ नको, त्याचाच दाब भिंतीत अडकून बसतो. आणि चारी बाजूंनी सारखं भरत या, एक बाजू पूर्ण आणि दुसरी रिकामी असं नको.

एक गोष्ट मात्र कुणीच विचारली नाही. वाशिष्ठीकाठ, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, जागा उताराच्या पायथ्याशी. मग डोंगराकडच्या भिंतीला माती जास्त उंच आणि खालच्या बाजूला कमी. वरचं सगळं गणित सपाट जमिनीचं आहे. उतार असला की डोंगराकडचा दाब वाढतो, समोरून तेवढा आधार नसतो आणि टाकी सबंध खाली सरकू बघते. भूकंपात उतारच हलला तर भिंतीची जाडी काही कामाची नाही. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड आली ती नुसत्या पावसाने. शाळेच्या पुढच्या अंगाला, पायथ्यापासून दूर जागा नाही का?

वाशिष्ठीकाठ
आहे. शाळेच्या मैदानाच्या कडेला. पाइप पंधरा-वीस मीटर जास्त लागेल म्हणून ती सोडली होती.

खाजण
तीच घ्या. पाइपचे पैसे काहीच नाहीत. त्या जागेला खालच्या बाजूने थोडा उतार असेल तर तळाच्या ओठावर खडीचा थर आणि भोक पाडलेला पाइप घालून चरातलं पाणी खाली ओढ्याकडे काढून द्या. मग पावसाळ्यातला दाबही उतरेल आणि तरंगण्याची भीतीही. फक्त डिझाइन करताना तो पाइप बुजलाय असंच धरा, कारण आठ-दहा वर्षांत मुळं आणि गाळ जाऊन तो बुजतोच.

मुरूमखडी
आणि त्या पाइपचं तोंड झुडपात लपवू नका. दरवर्षी मेमध्ये टाकी धुता तेव्हा तेही साफ करता येईल असं बाहेर, दिसेल असं काढा. नवा नकाशा आला की इथे टाका, सळया बघून सांगतो.